खिडकीकडचा तिसरा बाक

प्रिय बडबडे,

या नावाने तुला हाक मारून बरीच वर्षं झाली. तू सहावीत गेलीस आणि ते नाव आपोआप गळून पडलं, कारण तू बडबड करेनाशी झालीस. आज मुद्दाम तेच लिहिलं आहे. का, ते पत्र संपता संपता कळेल.

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. निरीक्षण वहीतल्या पानाची प्रत आणि खाली तुझ्या चार ओळी. तुझे मुख्याध्यापक वर्गात आले, मागे बसले, बारा मिनिटांनी उठून गेले आणि लिहून ठेवलं, 'आवाज मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही. आत्मविश्वासाचा अभाव. सुधारणा आवश्यक.' आणि तू विचारलं आहेस, 'बावीस वर्षं तू लोकांचे वर्ग तपासलेस, आता माझ्याबद्दल खरं काय ते सांग. मी शिक्षिका व्हायच्या लायकीची नसेन तर महिनाअखेर राजीनामा देते.' बाबांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "उत्तर सांभाळून लिही, शेरा मारू नकोस." मग ते पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले. घरात सगळ्यांनाच माझी खोड माहीत आहे.

आधी त्या बारा मिनिटांबद्दल. त्यातली तीन बसायला जागा शोधण्यात जातात, दोन पेनाचं टोपण शोधण्यात, आणि उरलेल्यात आपण आधीच ठरवून आलेलं लिहितो. मला माहीत आहे, कारण मुख्याध्यापिका झाल्यावर पहिली आठ वर्षं मीही तेच केलं. माझ्याकडे चौदा रकान्यांचा तक्ता असायचा. फलकलेखन, आवाज, वर्गनियंत्रण, साधनांचा वापर वगैरे. साधनांच्या रकान्यात सगळ्यांनाच पूर्ण गुण मिळत, कारण मी जाईन त्या वर्गात टेबलावर पृथ्वीगोल असायचा, अगदी गणिताच्या तासालाही. शाळेत पृथ्वीगोल एकच होता. शिपाईदादा तो काखेत मारून माझ्या एक वर्ग पुढे पळत असायचे, हे मला कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावरही मी गुण कापले नाहीत. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

गणिताचे सर तुला आठवत असतील, खडूचे हात शर्टाच्या बाहीला पुसणारे. त्यांच्या वहीत मी सलग तीन वर्षं 'मागील विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं. चौथ्या वर्षी ते वही घेऊन माझ्या खोलीत आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "बाई, शेरा मान्य आहे. पण उद्या अकरा वाजता वर्गात गेल्यावर नेमकं काय वेगळं करू, तेवढं सांगा." मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि विषय बदलला. चूक दाखवणं मला जमत होतं, पुढचं पाऊल दाखवणं जमत नव्हतं, आणि हे दोन्ही एकच काम आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

वाट काढली ती चित्रकलेच्या बाईंनी. त्या पहिल्यापासून फटकळ. म्हणाल्या, "शेरे कशाला देता? माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तेवढी दाखवा की." पद्धत त्यांनीच बसवून दिली. कागदावर वर्गाचा नकाशा काढायचा, प्रत्येक बाकाला एक चौकोन. शिक्षक जिथून चालतील तिथून पेन्सिलीची रेघ न्यायची. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात ठिपका द्यायचा. कुणी हात वर केला आणि त्याला विचारलं नाही, तर उभी काडी. तासभर बसायचं, मधे उठायचं नाही. शेवटी कागद शिक्षकाच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात जड गेला.

सरांच्या कागदावर टेबल आणि पहिले दोन बाक यांच्याभोवती इतक्या रेघा झाल्या की कागद काळा पडला, आणि मागचे सहा चौकोन कोरे करकरीत. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "हे मी?" एवढंच म्हणाले, घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं, तर सर मागच्या भिंतीशी उभं राहून गणित सांगत होते आणि पुढची मुलं माना वळवून वळवून बेजार झाली होती. पुढे त्यांना मधला सूर सापडला. हळूहळू शिक्षक एकमेकांचे कागद काढायला लागले. शाळा एकदम पालटली असं मी म्हणणार नाही. विज्ञानाच्या बाईंनी कागद पाहून माझ्याशी चार दिवस अबोला धरला. पण पृथ्वीगोल कपाटात राहायला लागला, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत लोक शिकवण्याविषयी बोलायला लागले. त्याआधी तिथे बदल्या आणि गुडघेदुखी, एवढंच चालायचं.

मग ओघानेच सगळे म्हणाले, मोठ्या बाईंचा कागद कधी? मी त्या वर्षी एकाच वर्गाला इतिहास शिकवत होते, सहावीच्या. त्या वर्गात तू होतीस. आपला नियम तुला आठवत असेलच, शाळेत 'बाई' आणि घरी 'आई'. तो तू इतका चोख पाळलास, की एका रविवारी न्हाणीघरातून "बाई, टॉवेल द्या" अशी हाक आली आणि बाबा हसून हसून खुर्चीतच वाकले. मीही हसले. आपली मुलगी शहाणी आहे, असं मला वाटलं.

चित्रकलेच्या बाईंनी वर्षभरात माझे तीन कागद काढले. सुरुवातीला एक, मध्यावर एक, शेवटी एक. पहिला शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरला. रेघा सगळीकडे सारख्या, ठिपके कानाकोपऱ्यात. सर म्हणाले, बाईंनी सांगितलं तसं करूनही दाखवलं. एकही ठिपका नसलेला चौकोन एकच होता, खिडकीकडचा तिसरा बाक, तुझा. त्याच्या अलीकडे रेघ यायची आणि वळून दुसऱ्या रांगेत जायची. तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीलाही वर्षभर एक प्रश्न मिळाला नाही, ती बिचारी फुकट मारली गेली. तुझा बाक वगळला गेलाय हे मला पहिल्या कागदावर पाहता क्षणी दिसलं, आणि मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. मोठ्या बाईंची मुलगी म्हणून झुकतं माप मिळतं असं कुणी म्हणायला नको. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. चित्रकलेच्या बाई कागद देताना एवढंच म्हणाल्या होत्या, "काड्याही मोजा." मी मोजल्या नाहीत. तिन्ही कागद फाइलीत लावून टाकले. त्या शाळेत आपला कागद पाहून काहीच न बदललेली एकटी मीच असेन.

तुझं पाकीट आलं त्या दुपारी मी ती फाइल काढली. खरं तर तुला पद्धत समजावून सांगायला एखादा जुना नमुना हवा होता. हाताला नेमके माझेच कागद लागले, आणि पंधरा वर्षांनी मी काड्या मोजल्या. पहिल्या कागदावर तिसऱ्या बाकाच्या तुझ्या बाजूला सात. मध्यावर तीन. शेवटच्यावर एकही नाही. मग तुझं सहावीचं प्रगतिपुस्तक काढलं. त्यात लिहिलं आहे, 'वर्गातील सहभाग कमी. बोलण्यात संकोच. सुधारणा आवश्यक.' अक्षर माझं आहे, वळणदार.

म्हणून हे पत्र. तू लायक आहेस की नाही हे सांगण्यासाठी ते नाही. तुझ्या मुख्याध्यापकांनी जे लिहिलं ते त्यांच्या फार आधी मी लिहिलं होतं, आणि लिहिण्याआधी वर्षभर खपून ते खरं करून ठेवलं होतं. तू सात वेळा हात वर केलास आणि मी सात वेळा खिडकीबाहेर पाहिलं. माझं चुकलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तिन्ही कागद सोबत जोडले आहेत. ते तुझेच आहेत. तुझा वर्ग मी कधी पाहिलेला नाही, आणि न पाहता शेरा द्यायचा नाही असं आता ठरवलं आहे. महिनाअखेरीला अजून दोन आठवडे आहेत, तोवर राजीनामा तुझ्या पिशवीतच राहू दे. पुढच्या मंगळवारी मी येते. तुझ्या मुख्याध्यापकांची परवानगी तेवढी काढून ठेव. वही आणणार नाही, पेन्सिलही नाही. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसेन, गुडघे मावले नाहीत तरी. पूर्ण तास बसेन. तू प्रश्न विचारलास की मी हात वर करीन. मला विचारायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
आई (शाळेतसुद्धा)