श्रावण वद्य पंचमी

१२ जून १९७२

आनंदराव आज बाड घेऊन आले. घामाघूम. सायकलच्या कॅरियरला जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून आणलं होतं— मराठी आरमाराची पहिली वर्षं. म्हणाले, "गोपाळराव, छापायच्या आधी एक डाव नजर घाला. आरमारातलं तुमच्याइतकं कळणारा नागपुरात दुसरा आहे कोण?"

कोणी नाही, हे खरंच. पण मी दहा-बारा वर्षं याच विषयावर टिपणं काढतोय, आणि हा सावनेरच्या संत्रेवाल्याचा मुलगा, कॉलेजात माझ्यामागून लागलेला, ग्रंथ लिहून मोकळा! गेल्या डिसेंबरात कराचीचं बंदर पेटवल्यापासून जो तो आरमारावर बोलतो. संशोधन मंडळही त्याच लाटेत. यंदा या विषयावर एकच ग्रंथ छापणार. त्यांचा नाही तर माझा. ठराव दिवाळीनंतर.

आनंदरावांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. माझंही तेच, पण मी ते कोणाला सांगत नाही.

१५ जून

वाचतोय. चांगलं आहे. फार चांगलं आहे— म्हणून जास्तच डोकं फिरतं.

कोवळं आरमार, धड तोफा नाहीत. उघड्या समुद्रावर फिरंगी जहाजाशी भिडलं तर चिंध्या होतील. म्हणून छोटी गलबतं खाडीत दबा धरून बसायची. वारा पडला की मोठं जहाज शिडांचं गुलाम, जागचं वळत नाही. मग यांनी वल्ही मारत मागून जायचं आणि त्याच्या पिछाडीला तोफा डागायच्या, जिथून त्याला उत्तर देता येत नाही. हे आनंदरावांनी असं लिहिलंय की वाचताना मी पंखा लावायचा विसरलो. माझ्या टिपणांत हे सगळं आहे. पण टिपणांतच आहे.

१८ जून

सापडलं!

साऱ्या ग्रंथाचा कणा म्हणजे एक प्रकरण— भर पावसाळ्यातली चढाई. पावसाळा लागला की कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे कोणी फिरकत नाही. अशा दिवसांत एक फिरंगी जहाज खाडीच्या तोंडाशी निर्धास्त नांगरलेलं. आपल्या लोकांनी उघडीप पाहून झावळ्या फेकल्या, गलबतं पाण्यात लोटली आणि ते जहाज जाळलं. आनंदराव म्हणतात, आपलं आरमार खरं जन्मलं ते त्या दिवशी. पुरावा एकच, एक मोडी पत्र. तिथी श्रावण वद्य पंचमी, वार गुरुवार.

आता श्रावण वद्य पंचमी म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेलेली. समुद्र उघडलेला. कसला पावसाळा आणि कसली चढाई?

मग लक्षात आलं आणि एकटाच हसलो. आनंदरावांची आई छिंदवाड्याकडची. घरात हिंदी पंचांग. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षात ते नावानं एक महिना पुढे. कोपऱ्यावरचा हलवाई जन्माष्टमी भादोंत आली म्हणतो, आपण श्रावणात म्हणतो, दिवस तोच. आपला आषाढ वद्य तो त्यांचा श्रावण वद्य. मराठी पत्राची तिथी या शहाण्यानं आईच्या पंचांगानं वाचली आणि आख्खं आरमार आषाढाच्या तुफानात ढकललं!

शामलाला सांगितलं. बायको माझी, पण बाजू कायम दुसऱ्याची. "मंग सांगून टाका ना त्याइले. काहून लपवून राह्यले?"

म्हटलं, पिकू दे. कच्चं फळ तोडत नाहीत.

२० जून

बाड परत केलं. "निर्दोष आहे," म्हणालो. "ते पावसाळी प्रकरण तर कळस आहे. त्यावर मंडळात व्याख्यानच द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दोन पोळ्या जास्त गेल्या.

२ सप्टेंबर

पाऊस नाही. कॉलेजात मात्र आनंदरावांच्या चढाईचा पूर. शिपाई देवाजीसुद्धा चहा ठेवताना म्हणाला, "साहेब, आनंदराव साहेबानं त फिरंग्याले पार जाळून टाकलं म्हन्ते." जाळू दे.

१४ ऑक्टोबर

मंडळाचं धंतोलीतलं सभागृह भरलेलं. आनंदराव कोऱ्या कोटात. पहिल्या रांगेत त्यांची मुलगी उत्तरा, यंदा एम.ए.ला. तासभर बोलले. चांगलं बोलले. मी टाळ्याही वाजवल्या.

मग उठलो. विचारलं, "नारळी पौर्णिमा श्रावण शुद्धात की वद्यात?"

"शुद्धात."

"मग वद्य पंचमी तिच्या आधी की नंतर?"

त्यांना कळलं मी कुठे चाललोय. "तसं नाही गोपाळराव— पत्र लिहिणारा उत्तरेकडचा असावा, त्याचा महिना—"

"मोडीत लिहितो, मराठीत लिहितो, आणि पंचांग मात्र तुमच्या मातोश्रींचं?"

हशा. मागून कोणी तरी ओरडलं, "छिंदवाड्याचं आरमार!" मग तर लोक बाकं बडवायला लागले. आनंदरावांच्या हातून कागद निसटले. "दोन मिनिटं द्या. माझं टिपण आहे इथंच—" अध्यक्षांनी घंटी मारली. मी वाकून त्यांचे कागद गोळा केले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या हातात दिले. पडलेल्याला हात दिलेला लोकांना आवडतो.

ते हळूच म्हणाले, "पण तुम्ही तर निर्दोष म्हणाले होते."

"भाषेबद्दल म्हटलं होतं," मी म्हणालो.

असा दिवस पुन्हा येणे नाही. येताना सीताबर्डीवर पाव किलो जिलबी घेतली. शामलानं खाल्ली नाही.

१७ ऑक्टोबर

उत्तरा आली होती. दारातच उभी. "काका, बाबांनी हिशेब मांडून पाठवला आहे. एक डाव पाहून घ्या म्हणतात. परवापासून जेवून नाही राह्यले ते."

कागद हातात घेतला नाही. म्हटलं, "बाळ, हरल्यावर हिशेब मांडायचे नसतात. बाबांना सांग, आराम करा."

पोरीची मान ताठ. रडली नाही. म्हणाली, "तुम्हाले पाहायचंच नाही, काका." आणि गेली. आत शामला भांडी आपटत होती. आज भाजीत मीठ नव्हतं. मागितलं तर म्हणाली, "घ्या हातानं."

३ नोव्हेंबर

आनंदरावांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. देवाजीनं सांगितलं तेव्हा मी पोरांचे पेपर तपासत होतो. वाईट वाटलं. तपासून संपवले.

१० नोव्हेंबर

त्यांना भेटून आलो. जायलाच हवं, लोक विचारतात. संत्री नेली. मृग बहाराची यायला अजून अवकाश आहे, ही आंबिया बहाराची, आंबट निघाली असतील.

खाटेवर पडलेले. मला पाहून डावा हात उचलला. वाटलं, नमस्कार. पण बोटानं माझ्याकडे, मग स्वतःच्या कपाळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. घशातून नुसतं घरघर. उत्तरा म्हणाली, "रोजच काही सांगायचं असते त्यांले. आम्हाले समजत नाही." त्यांच्या आई भिंतीशी बसून होत्या, पार वाकलेल्या. मला ओळखलं नाही. मला विचारलं, "डाक्टर हो का बेटा?"

हो म्हणालो. तिथून लवकर निघायला तेच सोपं होतं.

१९ नोव्हेंबर

मंडळाचा ठराव झाला. माझा ग्रंथ. एकमतानं! आता टिपणं बांधून काढायची. आनंदरावांचं खाडी-वाऱ्याचं प्रकरण माझ्या डोक्यात आहेच, शब्द तेवढे बदलीन. पावसाळी चढाईची चूक शेवटी स्वतंत्र परिशिष्टात दाखवायची, म्हणजे पुढच्या पोरांना धडा मिळेल.

२२ डिसेंबर

परिशिष्टाची मुद्रितं आली. त्या पत्राची तळटीप राहिली होती. तिथी लिहिली, पुढे वार लिहायचा. पत्रात गुरुवार आहे. जुन्या तिथी-वारांची जंत्री काढली. त्या वर्षी आपल्या श्रावण वद्य पंचमीला शनिवार येतो. पुन्हा पाहिलं. शनिवार. मग एक महिना मागे आलो, आषाढ वद्य पंचमीवर. गुरुवार.

तिथीला वार ताडून पाहा, हे मी पोरांना पहिल्याच तासाला शिकवतो. जूनपासून मी एकदाही ताडून पाहिला नाही.

म्हणजे पत्र लिहिणाऱ्याचा महिना उत्तरेकडचाच; आषाढातच गेले होते ते लोक, भर पावसात. उत्तराच्या कागदात हाच हिशेब असणार, पण तो ठामपणे सांगू शकणारे नागपुरात दोघेच, आणि एकाची वाचा गेली आहे. तळटीपेतून वार गाळला. मुद्रितं छापखान्यात दिली.