बाबा, तुमच्या गावात ज्यूंची गोष्ट सांगितली

बाबा, परवा मी आईच्या तोंडावर तुम्हाला कसाई म्हणाले. तिनं तवा उतरवला आणि मला जेवायला वाढलं नाही. तुम्ही गेल्यावर घरात तेवढंच माणूस उरलंय, आणि तेही तुमच्याच बाजूचं, म्हणून काय झालं ते तुम्हालाच सांगते.

बोईसरच्या शाळेत मी इतिहास शिकवते ते तुमच्याच जिवावर. फी तुम्ही भरलीत. आताशा सुट्टीच्या दिवशी मी पालघरपासून नवापूर-दांडीपर्यंत गावोगाव जाते, ज्यूंचा छळ कसा झाला ते चित्रं दाखवून सांगते. लोक विचारतात, बाई, ते कुठले कोण, आपल्याला काय त्याचं? मी म्हणते, ऐका तर खरं. यंदा आपल्याच गावच्या महिला मंडळानं बोलावलं. समाजमंदिर भरलं होतं. पुढच्या खुर्चीवर तुमच्या बरोबरीचे जुने पंच, मी ज्यांना काका म्हणते ते. मी सांगितलं, की जर्मनीत सुरुवात मारण्यापासून झाली नव्हती. आधी ज्यूंच्या दुकानातून काही घेऊ नका म्हणून पाट्या लागल्या. मग बागेतल्या बाकावर बसायचं नाही, त्यांच्या पोरांनी शाळेत यायचं नाही, अंगावर पिवळा तारा लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. काल साखर उसनी नेणारे शेजारी आज ओळख दाखवेनात. शेवटी त्यांना मारायला गाड्यांत कोंबून नेलं, तेव्हा याच शेजाऱ्यांनी त्यांची कपाटं आणि गाद्या वाटून घेतल्या. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. “मानसं हायत का राक्षस? आपल्याकडं असं कदी झालं नाय, बाय.”

असं म्हणाले, बाबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला लहानपणची ती दुपार दिसतेय. मी ओटीवर बसून तुम्हीच आणून दिलेल्या नकाशात रंग भरतेय. पलीकडच्या आळीतल्या बाईचा नवरा मेलाय. बोंबील वाळत घालायच्या जागेचा तंटा तिनं गावकीपुढे न आणता पोलिसांत नेला, म्हणून तुम्ही पंचांनी तिला वाळीत टाकलंय. तिचं म्हावरं कोणी घ्यायचं नाही, तिला विहिरीवर येऊ द्यायचं नाही, जो तिच्याशी बोलेल त्याला दंड. आज खांदा द्यायलाही कोणी गेलेलं नाही. ती आणि तिची मुलगी बर्फाच्या हातगाडीवर प्रेत घालून आपल्या दारावरून ओढत नेतायत. मुलगी माझ्याच वर्गातली. चाक वाळूत रुततं, काही केल्या निघत नाही. बाई आपल्या ओटीकडे बघते. “दादा, येक हात लावा हो.” आणि तुम्ही, मला ताप आला की पाय चोळत बसणारे तुम्ही, मला आत ओढता आणि दार-खिडकी लावून घेता. म्हणता, “जर्मनीत व्हता तसा येक पायजे. गाव कसं धाकात राह्यलं असतं.” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून विचारता, समुद्राला निळा रंग का दिला, आपला तर मातकट हाय.

हे सगळं मी समाजमंदिरात सांगितलं, तुमचं नाव घेऊन, मातकट समुद्रासकट. काकांनी चष्मा परत लावला. “ते वेगळं हाय. तिनं गावाचा शब्द मोडला व्हता.” मी म्हणाले, तिथलेही लोक हेच म्हणत होते, काका. मग ठरलेला चहा आलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईच्या टोपलीत म्हावरं पडेना. होड्या लागल्या की तुमची बायको म्हणून जी ती मूठभर टाकायची. आता बाया तिला वळसा घालून जातात. गिरणीवाला म्हणाला, वीज नाय, आणि मागे पट्टा फिरत होता. हल्ली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झालाय ना, म्हणून दवंडी नाही, बैठक नाही, दंड नाही. मी काकांना जाब विचारला तर हसले. “आमी काय बोललो? कोनी काय बोललं नाय.” पोलिसांत जाते म्हटलं तर आईच दारात आडवी झाली. “गावचं भांडण पोलिसांत न्यायचं नाय, ही तुज्या बापानं घातलेली रीत हाय. त्याच्या बायकोनं मोडायची?” कपाळ माझं! तेव्हाच तुम्हाला कसाई म्हणाले मी. चल बोईसरला, म्हटलं तर नाही. मेले तरी इथंच, म्हणते. मग रात्री हळूच म्हणाली, “चार मानसं तेवडी कुटून तरी आन. माजी हातगाडी नको करू.”

हे तुम्हाला पोचायचं नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी छाती नाही. पण एक सांगते. काल आई रिकामी टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी होती, मी तिच्या शेजारी. तेव्हा मला त्या बाईची आठवण आली नाही, ज्यूंचीही आली नाही. वाटलं, आत्ता माझा बाप इथं असता, तर त्याच्या एका हाकेत एकेकीनं आपली टोपली आईपुढे उपडी केली असती.