माकडाने न फाडलेला स्पीकर

यशोधरा,

लोहगडवाडीचं माकड खिडकीतून आलं आणि नाचता नाचता त्याचा पाय स्पीकरात गेला, असं मी तुला शनिवारी सांगितलं. ते खोटं आहे. माकड आलंच नव्हतं.

भातावर पाखरं लय झालीत. तू कामावर गेल्यावर मी तुझ्या वडिलांचे दोन्ही स्पीकर टेपसकट बांधावर नेले आणि हलगीची कॅसेट पूर्ण आवाजात लावली. पाखरं काय हलली न्हाईत. शेजारच्या मारुतीची म्हैस मात्र दावं तोडून मळवली स्टेशनपर्यंत पळाली. हे खरं आहे, त्याला विचार. तेवढ्यात डावा स्पीकर फरफरला आणि आतला कागद फाटला.

शेवटच्या आजारपणात तुझ्या वडिलांनी ते व्याही म्हणून माझ्या हवाली केले होते. "आबा, कोरड्या ब्रशनंच पुसा, आणि आवाज निम्म्याच्या वर नको." मी व्हय म्हणालो होतो.

दर रविवारी तू त्यांच्या गायन पार्टीची कॅसेट लावतेस. काल लावली नाहीस. माकडाचं ऐकून हसलीही नव्हतीस.

डावा स्पीकर गोधडीत बांधून पुण्याला नेतोय. बुधवार पेठेत कागद बदलणारा एक म्हातारा आहे. नवा कागद तुझ्या वडिलांनी पुसलेला नसेल, एवढं मला कळतं. भाकरी झाकून ठेवलीय, जेवून घे.

तोंडावर सांगणार होतो. पण मी खरं बोललो तरी तू त्यात माकड शोधशील, म्हणून लिहून ठेवलं.

आबा