मागच्या सीटवरची हाक

रत्नागिरी, मंगळवार, ७ मे १९८५

अंगण झाडलं, पेज चुलीवर ठेवली आणि सवयीनं म्हणाले, ‘अहो, पाणी तापलंय.’ त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात ऐकायला कोणी नाही, ते बरंच.

गेल्या थंडीत मुलाकडे मस्कतला होते, तिथं मात्र ऐकलं गेलं. गाडीत मुलगा आणि सून पुढे, मी मागे जेवणाच्या डब्याशेजारी. दिवसभर समुद्राच्या कडेकडेनं गाडी चालली होती. एका गावात वाळूवर मासळी सुकत घातलेली दिसली, अगदी आपल्याकडच्यासारखी, आणि माझ्या तोंडून गेलं, ‘अहो, बघा तरी!’

सून हसली. ‘आई, आमचे अहो तर इथं पुढे आहेत! मागे कुणाला हाक मारताय?’

मुलगा हसला नाही. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘आई, तू आता इथंच राहा. तिकडे कोण आहे तुझं?’

आज त्याचं पत्र आलं. तिकीट काढतो, घर बंद कर, यंदा पावसाआधी कौलं शाकारू नको. चांगला मुलगा आहे. पण तिथं मला ‘अहो’ गिळावं लागेल, आणि मग ते खरंच गेलेले असतील. हे त्याला कसं लिहू?

बुधवार. सकाळी कौलं शाकारायला गड्याला सांगून आले. मग पत्र लिहिलं, तिकीट काढू नको.