श्रावणच्या नावावरची गाणी

प्रिय रुपेश,

ही तुझी आजी बोलून राह्यली आणि तुझी बहीण काजल लिहून राह्यली. माझं बोलणं सुधारू नको म्हणून तिले बजावलं, तरी दोनदा सुधारलंच तिनं. पुण्यात तू बरा असशील. इकडे कापूस वेचणं सुरू आहे. गावातल्या बाया वावरात राबतात आणि मी अंगणात बसून हुकूम सोडते. तू कॉम्प्युटरले हुकूम सोडतो, म्हणजे तुझंच काम करते.

मागच्या खेपेले तू गावातल्या म्हाताऱ्या बायांची गाणी फोनमध्ये भरून नेली. निंदणाची, पाळण्याची, बाबासाहेबांची. मले वाटलं, पोराले दुसरा धंदा नाई. मग तूच सांगितलं, की फोननं गाण्यांले नुसते आकडे दिले होते, म्हणून कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि सगळ्या फोल्डरांतल्या सगळ्या गाण्यांची नावं एका दमात बदलली. मले काही नवल वाटलं नाई. आमच्या लग्नात तेच झालं. पोरगी मांडवात एका नावानं आली, दुसऱ्या नावानं निघाली. विचारलं कोणी नाई.

आता तुझी चूक ऐक. तू घरागणिक एक फोल्डर केला. घर कोणाचं म्हणून विचारलं, तर गावानं सांगितलं श्रावणचं, मोतीलालचं, नानाजीचं. घर सांगताना बाईचं नाव कोण घेते? मीही नाई घेतलं. तुझ्या त्या ओळीनं फोल्डरचं नाव उचललं आणि आतल्या हरेक गाण्याले चिकटवलं. काजल म्हणते, हुकमाच्या आधी 'इको' लावला असता, तर काय बदलणार ते नुसतं दिसलं असतं, बदललं काहीच नसतं. काऊन नाई लावला रे? आता तुझे आजोबा, आमचे नानाजी, मेल्यावर पाळणे गाऊन राह्यले. जिवंतपणी एक पोरगं झोपवलं नाई त्यांनी.

हसून सोडून दिलं असतं, पण विमलाबाईचं सांगते. श्रावणभाऊजीची बायको, माझ्या माहेरची, आष्टीकडची. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. आता तिची जी गाणी तुझ्याजवळ आहेत, तेवढाच तिचा आवाज राह्यला. काजलनं तिच्या फोनमध्ये गाणी टाकली, आणि आम्हाले वाचता येत नाई म्हणून बोट ठेवलं की फोन नाव बोलून दाखवते अशी सोय केली. विमलानं बोट ठेवलं. फोन म्हणाला, श्रावण एक. पुन्हा ठेवलं, श्रावण दोन. भाऊजी, जे जन्मात कधी गुणगुणले नाईत, बाजूले बसून अभिमानानं फुगले. विमलानं फोन खाटेवर आपटला आणि बोट आपल्या छातीवर ठेवलं. तिले काय म्हणायचं होतं ते फोनले नाई, मले समजलं.

म्हणून जुनी गाणी जपून ठेवणाऱ्या ज्या संग्रहवाल्यांसाठी तू ती भरली, त्यांच्याकडे आत्ताच पाठवू नको. एकदा तिकडे गेली की श्रावणभाऊजी कायमचे गवई झाले समज. काजल एकेक गाणं वाजवून राह्यली, मी आवाज ओळखून राह्यली. कोणतं कोणाचं ते ती तुले पाठवते. ते घालून तुझी ओळ पुन्हा चालव. नावं मराठीतच ठेव. आणि आधी इको लावजो, बाबा.

आता माझ्या गाण्यांचं. नानाजी काढून तू सुलोचना टाकशील, तर टाकू नको. ते नाव मांडवात मिळालेलं. माहेरी मी जिजा होती. माय गेली, भाऊ गेले, त्या नावानं हाक मारणारी एक विमलाच राह्यली होती. रोज कुंपणापलीकडून ओरडायची आणि मी मुद्दाम उशिरा ओ द्यायची. ऑपरेशन झाल्यापासून ती कुंपणाशी येते, उभी राहते आणि परत जाते. तू माझ्या गाण्याले जिजा नाव दे, काजल ते विमलाच्या फोनमध्ये टाकते. ती बोट ठेवेल आणि फोन हाक मारेल. या वेळी मी लगेच ओ देईन.

तुझीच आजी,
जिजा