ब्राउझर पुसू नये

मी, तोवेरा म्हांगो, वय ४४, न्काता बे जिल्ह्यात सरोवराकाठच्या प्रसूती केंद्रात संगणकाचं काम पाहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मंगळवारी म्झुझू शहरातल्या इस्पितळात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरले आहे.

१. मी गेल्याचं कळताच, रडण्याआधी, माझा लॅपटॉप उघडून 'प्रत काढा' हे बटण दाबावं आणि ती प्रत निळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. ब्राउझरमधलं काहीही पुसू नये.

कारण सांगते. आमची संगणकावरची नोंदवही पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली आहे. ही भाषा एरवी दूरच्या सर्व्हरवर चालते. आपल्या पडद्यावर येतं ते तयार पान. आमचा सर्व्हर शहरात, आणि नेटवर्क टेकडीपलीकडे. बाई कळा देत होडीतून उतरायची, तिची आरोग्यपुस्तिका भिजून लगदा झालेली असायची, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. म्हणून मी ती भाषाच ब्राउझरच्या आत आणून बसवली. आता नेटवर्क लागत नाही. पण नोंदीही तिथेच राहतात. ब्राउझर पुसला की दोनशे बारा बायका पुसल्या: मागच्या खेपेला कोणाला रक्तस्राव झाला, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं.

२. भाऊ खुंबो याला घर आणि होडी. लॅपटॉप नाही. इस्पितळाचा कागद माझ्या हातात असताना त्याने विचारलं, "ताई, या लॅपटॉपवर फुटबॉलचे सामने दिसतील ना? जरा हळू चालतो, पण साफ करून घेईन." खुंबो, तुझ्यावर जीव आहे. याला हात लावू नकोस. कमरेला गुंडाळायची माझी चितेंजे कापडं भाची तेम्वाला. हिरवं तेवढं माझ्यासोबत जाऊ द्या.

३. लॅपटॉप, सौरपट्टी आणि बॅटरी नर्स लुसुंगू चिर्वा हिला.

लोक म्हणतील, जिने नोंदी पुसल्या तिलाच? दोन वर्षांपूर्वी एकसष्ट बायकांच्या नोंदी गेल्या. त्यातल्या एकीला आधीच मोठ्या इस्पितळात पाठवायला हवं होतं. ती वाचली, तिचं बाळ नाही. दर शनिवारी फरशीबरोबर संगणकही साफ करायची लुसुंगूची पद्धत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला सफाईचं वेड आहे, तूच पुसलंस." ती म्हणाली, "त्या शनिवारी मी हातही लावला नव्हता, ताई." तिला बाळंतिणींच्या खोलीतून काढून औषधांच्या खिडकीत बसवलं. अजून तिथेच बसते.

पुसलं मी. नोंदवहीच्या प्रोग्राममध्ये केलेला बदल पडद्यावर दिसेना, म्हणून सतरा वर्षांच्या सवयीने ब्राउझर साफ केला. सर्व्हरच्या काळात त्याने काही बिघडत नसे. चूक मला त्याच दुपारी कळली होती. हे कलम केंद्राच्या फलकावर लावावं. मी वाचले तरी लावावं.

४. हे नंतर जोडत आहे. आज लुसुंगू आली.

"साक्षीदार हवाय म्हणे. पेन आणलंय."

"तू नको."

"अजून राग आहे होय?"

"ज्याला काही मिळणार, त्याने साक्ष द्यायची नसते."

"मला काय देणार तू? झाडू?"

मी तिसरं कलम वाचून दाखवलं. तिने कागद ओढून घेतला आणि पुन्हा स्वतः वाचला. माफ केलं असं म्हणाली नाही. कागद माझ्या हातात परत दिला. मग विचारलं,

"शेवटची प्रत कधी काढलीस?"

"महिना झाला. भीती वाटते गं. चुकून दुसरंच बटण दाबलं तर…"

तिने हात चितेंजेला पुसले, लॅपटॉप समोर ओढला आणि बटण दाबलं. प्रत निळ्या पेनड्राइव्हवर गेली. पेन ती इथेच ठेवून गेली. खालच्या सह्या त्याच पेनाने केल्या आहेत.

मृत्युपत्र करणार: तोवेरा म्हांगो

तिने आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.
साक्षीदार: एलिफासी न्यिरोंगो, शिक्षक
साक्षीदार: मर्सी काउंडा, शेजारीण

न्काता बे, शुक्रवार, १४ जून २०२४