बाहीला शिवण नसलेला साहेब

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतात तेवढाच). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला अजून त्यांच्याआधी खोलीत येतो का? आम्ही इकडे सगळे बरे आहोत, मी तर फारच बरी आहे, का ते पुढे येईलच.

आधी मुद्द्याचं लिहिते, नाहीतर मी बोलत बसते आणि तेच राहून जातं. ताई, मी रुसलेली नाही. महिनाभर तुझा फोन मी तोडत नव्हते, राखण्या तोडत होता. आणि मी लावला तर तू उचलत नाहीस, उलट शेजारणीला सांगतेस की धाकटीला शिष्टपणा आलाय. म्हणून हे पत्र. (चौथी शिकलेली मी, अक्षर लागलं नाही तर भावजींकडून वाचून घे, पण खोकला थांबल्यावर.)

राखण्या म्हणजे नातीने माझ्या फोनात बसवलेला पहारेकरी. माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धी. (असली बुद्धी घरात कुणाला आहे ते लिहीत नाही, पत्र टपालात नातच टाकणार आहे.) समोरच्या निवृत्त मास्तरांना कुणीतरी फोनवर गोड बोलून पार धुऊन नेलं, तेव्हापासून नातीने धसका घेतला. राखण्या सगळं बोलणं ऐकतो. हिरवा दिवा लागला तर माणूस चांगला, लाल लागला तर लबाड, फोन आपोआप बंद आणि तो नंबर कायमचा बाद.

पहिल्याच आठवड्यात त्याने तीन लबाड पकडले. एक, दातांच्या दवाखान्यातली मुलगी, कारण ती म्हणाली, उद्याच या, नाहीतर नंबर जाईल. दुसरा माझा पोटचा मुलगा. त्याचा मोबाइल खरंच हरवला होता, परक्याच्या फोनवरून "आई, मी बोलतोय" एवढं म्हणाला आणि बाद झाला. संध्याकाळी घरी आला तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आणि तिसरी तू. आठवतंय ना काय म्हणालीस? "हे बघ, कुणाला सांगू नकोस, तुझ्या सुनेला तर मुळीच नको, ती निळी शाल आत्ताच्या आत्ता पाठव, दोन दिवसांत परत करते." लाल! नातीने कारण वाचून दाखवलं: घाई, गुप्ततेचा आग्रह, वस्तूची मागणी, परत करण्याचं मोघम आश्वासन. विश्वास शंभरात चार. मी म्हटलं, अगं, ती माझी सख्खी बहीण आहे! तर म्हणाली, "आजी, त्याला नाती कळत नाहीत, पद्धत कळते. रविवारी करते नीट." असे चार रविवार गेले.

तेवढ्यात आला साहेब. पेन्शनच्या कचेरीतून बोलतो म्हणाला. आवाज असा की ऐकत राहावं. "आजी, घाई नाही. घरच्यांना विचारा. पैशाची गोष्ट मी काढणारच नाही." राखण्या हिरवागार! चार दिवस रोज सकाळी फोन. मी गुडघ्याचं सांगितलं तर विचारतो, डावा की उजवा? ताई, आपल्या माणसांपैकी कुणी हे विचारलंय का कधी? मी तर सुनेला म्हणाले, शिक बघ काही.

पाचव्या दिवशी म्हणाला, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचा. चष्मा लावून मी तीन वाचलेसुद्धा. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हटलं, साहेब, तोंड न पाहता मी कधी कुणाचं मापही घेतलं नाही, आधी फोटो पाठवा. लगेच आला. गणवेश, टेबल, मागे कपाट. राखण्याने वर शेरा मारला, छायाचित्र खरे वाटते. नातीने शिकवल्यासारखा मी दोन बोटांनी तो मोठा केला. नाक ठीक, कान ठीक. पण चाळीस वर्षं गणवेश शिवलेत मी! त्या शर्टाला मुंढाच नव्हता. खांद्याला शिवण नाही, बाही आपली झाडाला फांदी फुटावी तशी फुटलेली. काजं पाच आणि बटणं सहा!

विचारलं, साहेब, शर्ट कुणी शिवला?

"सरकारी आहे हो आजी."

"मग सरकारला विचारा, तुम्ही ह्यात हात घातलात कुठून?"

मग एकदम, "उरलेले तीन आकडे सांगा, लवकर!" मी असा आवाज चढवला की सून ओले हात घेऊन धावत आली. आणि आता राखण्या लाल झाला. वर अक्षरं आली: आपण समोरच्या व्यक्तीवर दबाव आणत आहात. ऐकलंस? मी! साहेब पळाला, आणि राखण्या मला विचारतो, संभाषण कसे वाटले, किती तारे द्याल?

नात सांगत होती, तो फोटोही असल्याच बुद्धीने बनवलेला. म्हणजे एका भावाने शिवला, दुसऱ्याने पास केला, आणि गिऱ्हाईक मी! त्याच संध्याकाळी राखण्याला फोनातून हाकललं. आता गल्लीतल्या बायका अनोळखी साहेबांचे फोटो माझ्याकडे तपासायला आणतात. मी नुसती बाही बघते. कालच एक खरा निघाला बिचारा, पण त्याची शिवण इतकी वाईट होती की त्यालाही नको म्हणून सांगितलं.

तेव्हा फोन कर. आता मधे कुणी नाही.

तुझी धाकटी

ता.क. राखण्या मूर्खच, पण ते "परत करण्याचं मोघम आश्वासन" काही मनातून जाईना. माझी मोठी कात्री तू दोन दिवसांसाठी नेलीस तेव्हा माझ्या मुलाला दात येत होते. आता त्याचे पडायला लागलेत.

ता.क. दुसरा. कात्री टपालाने पाठवू नकोस, वाटेत हरवेल. स्वतः घेऊन ये. शालही मी पाठवत नाही, तुझ्यासाठी पलंगावर घडी करून ठेवली आहे.

ता.क. तिसरा. आत्ताच्या आत्ता नीघ. आणि मी कात्री मागितली हे कुणाला सांगू नकोस, माझ्या सुनेला तर मुळीच नको. तिने परवाच मला नवी आणून दिली आहे.